सायक्स: यॉर्कशरच्या डोंगरातलं एक आडनाव

भाताच्या खाचरात किंवा ओढ्याच्या काठी न हलता उभी असलेली ढोकरी महाराष्ट्रात बहुतेकांनी पाहिलेली असते. पक्षिनिरीक्षक तिला वंचक म्हणतात. तिचं शास्त्रीय नाव 'आर्डिओला ग्रेआय', आणि त्यापुढे ते नाव देणाऱ्या माणसाचं आडनाव आणि वर्ष लिहिलेलं असतं: सायक्स, १८३२. हे कर्नल विल्यम हेन्री सायक्स. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातले अधिकारी. १८२४ मध्ये त्यांची दख्खनचे 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' म्हणून नेमणूक झाली आणि पुढची काही वर्षं त्यांनी इथल्या जमिनी, पिकं, लोकसंख्या, पक्षी, मासे अशा सगळ्याची टिपणं काढली.

याच आडनावाचे आणखी दोघे आपल्या इतिहासात भेटतात. सर फ्रान्सिस सायक्स अठराव्या शतकात बंगालमध्ये मुर्शिदाबादला कंपनीचे रेसिडेंट, म्हणजे नवाबाच्या दरबारातले प्रतिनिधी होते. तिथे कमावलेल्या अफाट पैशातून त्यांनी इंग्लंडमध्ये बॅसिल्डन पार्क नावाचा महाल उभारला. सर फ्रेडरिक सायक्स १९२८ ते १९३३ मुंबई प्रांताचे गव्हर्नर होते. मिठाचा सत्याग्रह आणि सोलापूरचा मार्शल लॉ त्यांच्याच कारकिर्दीतला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी झाली तेव्हा गव्हर्नर तेच होते.

हे तिघे एकमेकांचे कोणी लागत होते का? सारखं आडनाव दिसलं की हा प्रश्न मनात येतोच. सायक्सच्या बाबतीत त्याचं उत्तर शोधायला इतिहास, भूगोल आणि जनुकशास्त्र या तिघांनीही हात लावला आहे. त्यामुळे ब्रिटिश आडनावं कशी तयार झाली, कशी पसरली आणि त्यावरून रक्ताच्या नात्याबद्दल काय म्हणता येतं, हे समजून घ्यायला या आडनावाइतकं चांगलं उदाहरण क्वचितच मिळेल.

आडनाव कधी चिकटलं?

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, तेव्हा तिथल्या सामान्य माणसाला आडनाव नव्हतं. जमीनदार नॉर्मन सरदारांनी आपल्या जहागिरीची नावं वंशपरंपरेने लावायला सुरुवात केली. ती पद्धत हळूहळू खाली झिरपली. गावात चार जॉन असतील तर हा लोहार जॉन, तो टेकडीवरचा जॉन, हा विल्यमचा मुलगा, तो लाल केसांचा, अशी ओळख ठरायची. ही ओळख त्या माणसापुरतीच असे. मुलाचा धंदा बदलला की तीही बदलायची. ती बापाकडून मुलाकडे तशीच जायला लागली, तेव्हा ती आडनाव झाली. दक्षिण इंग्लंडमध्ये साधारण १३५० पर्यंत हे बऱ्याच घरांत घडून गेलं होतं. उत्तरेकडे, म्हणजे यॉर्कशर-लँकशरच्या बाजूला, आणखी बराच काळ लागला. वेल्समध्ये तर बापाचं नाव पुढे लावायची जुनी रीत इतकी टिकली की आडनावं स्थिरावली तेव्हा मोजकीच बाप्तिस्म्याची नावं वापरात उरली होती. तिथे इतके जोन्स, डेव्हिस आणि विल्यम्स का, त्याचं हे कारण.

सरकारी वह्यांचाही यात मोठा वाटा आहे. १३७९ मध्ये इंग्लंडच्या राजाने डोईपट्टी बसवली. सोळा वर्षांवरच्या साध्या माणसाला चार पेन्स भरावे लागत, नवरा-बायको मिळून एक धरले जात. वेस्ट रायडिंग म्हणजे यॉर्कशरचा पश्चिम भाग. तिथल्या याद्या सुदैवाने चांगल्या टिकल्या आहेत, आणि आडनावांचे अभ्यासक त्यांच्यावर अक्षरशः जगतात. पुढे १५३८ मध्ये राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम काढला. तिथून पुढे घराण्याचा माग काढणं बरंच सोपं होतं.

ओहोळाकाठचे लोक

'सायक' हा उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या बोलीतला शब्द. त्याचा अर्थ छोटा ओहोळ किंवा पाणथळ चर. डोंगराच्या कुशीतून निघणारा, उन्हाळ्यात आटणारा, आणि पुष्कळदा दोन शेतांची किंवा दोन गावांची शीव ठरणारा. तेराव्या शतकातल्या कागदांत 'डेल सायक', म्हणजे ओहोळाजवळचा, अशी माणसं दिसू लागतात. 'डेल' गळून पडलं, शेवटी 'स' जोडला गेला आणि सायक्स झालं.

आता पेनाइन डोंगररांगेचा नकाशा पाहिला तर असे ओहोळ शेकड्याने सापडतात. प्रत्येक खोऱ्यात ओहोळ आहेत, काठावर कोणाचं ना कोणाचं घर आहे. लँकशरच्या बोलंड भागात सायक्स नावाची वाडीसुद्धा आहे. म्हणून जुन्या अभ्यासकांचा कयास सरळ होता. हे आडनाव अनेक ठिकाणी, अनेक घरांना, एकमेकांशी संबंध नसताना मिळालं असणार. कागद पाहून दुसरं काही वाटण्याचं कारणच नव्हतं.

अडचण आली ती नकाशामुळे. ओहोळ सगळ्या उत्तरेत पसरलेले, पण सायक्स मंडळी मात्र एकाच कोपऱ्यात दाटलेली.

नकाशा कसा काढतात

आडनावांचा भूगोल मांडणारा पहिला मोठा प्रयत्न हेन्री ब्रोम गप्पी यांचा. ते मुळात आरमारातले डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक. १८९० मध्ये त्यांनी ब्रिटनमधली आडनावं कुठल्या परगण्यात किती आहेत याचा ग्रंथ काढला. मला त्यांची युक्ती फार आवडते: त्यांनी सगळी माणसं मोजली नाहीत, व्यावसायिक निर्देशिकांमधले फक्त शेतकरी मोजले. शहरं, बंदरं आणि गिरण्यांमधली माणसं पोटासाठी हलत राहतात. शेतकरी सहसा बापाच्या जमिनीजवळच राहतो. तेव्हा आडनावाचं मूळ घर शोधायचं तर शेतकऱ्याला विचारा, हा त्यांचा तर्क.

आज अभ्यासकांच्या हाती त्याहून मोठं साधन आहे: ३ एप्रिल १८८१ ची जनगणना. इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे २ कोटी ६० लाख माणसांची त्या रात्रीची नोंद वंशावळीच्या हौशी अभ्यासकांनी वर्षानुवर्षं खपून उतरवून काढली. तेव्हा औद्योगिक क्रांती होऊन गेली होती, रेल्वे आली होती, तरीही बहुतेक आडनावं आपल्या मध्ययुगीन जन्मस्थळाच्या आसपासच ठाण मांडून होती. हे पाहून अभ्यासकही चकित झाले.

असा नकाशा वाचताना एक काळजी घ्यायला हवी. नुसती संख्या पाहिली तर जवळजवळ प्रत्येक आडनाव लंडनमध्ये भरपूर दिसतं, कारण लंडनमध्ये माणसंच भरपूर. पाहायचं असतं ते प्रमाण, म्हणजे त्या भागातल्या दर हजार माणसांमागे हे आडनाव किती जणांचं. या कसोटीवर सायक्सचा नकाशा अगदी स्पष्ट आहे. गडद डाग वेस्ट रायडिंगवर, त्यातही हडर्सफील्ड आणि त्याच्या पश्चिमेचं कॉल्न खोरं. तिथे स्लेथवेट नावाचं गाव आहे, गावकरी त्याचा उच्चार 'स्लाउइट' असा करतात. डोंगर ओलांडून पलीकडे सॅडलवर्थ. पाणलोटाच्या हिशेबाने सॅडलवर्थ लँकशरच्या अंगाला येतं, पण १९७४ पर्यंत ते यॉर्कशरमध्येच मोजलं जायचं. त्याच्याही खाली ओल्डम. ब्रिटनचे लाडके विनोदी नट एरिक सायक्स यांचा जन्म तिथला, १९२३ चा.

हडर्सफील्डच्या आसपास अशी दाट आडनावं आणखीही आहेत. आर्मिटेज हे त्यातलं एक. त्याचा अर्थ संन्याशाची कुटी, आणि हडर्सफील्डला लागून आर्मिटेज ब्रिज नावाचं गावही आहे. इथले आडनावांचे इतिहासकार जॉर्ज रेडमंड्स यांनी आयुष्यभर यॉर्कशरचे जुने कागद चाळले आणि दाखवून दिलं की इथल्या कितीतरी आडनावांची मुळं एकेका घरापर्यंत जातात. कयासापेक्षा कागद पाहा, गावागावाने पाहा, हा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह महत्त्वाचा आहे, कारण आडनावांच्या नावाखाली बाजारात जे विकलं जातं, घराण्याची चिन्हं छापलेले कप आणि पाट्या, त्यात असा अभ्यास औषधालाही नसतो.

धंद्यावरून आलेली आडनावंसुद्धा भूगोल सांगतात. लोकरीचं कापड विणून झालं की ते पाण्यात तुडवून घट्ट करावं लागे. हे काम करणारा दक्षिण-पूर्व इंग्लंडमध्ये फुलर, नैऋत्येला टकर आणि उत्तरेला वॉकर. काम एकच, पण तीन बोलींमुळे तीन आडनावं. त्यांचे १८८१ चे नकाशे शेजारी ठेवले तर मध्ययुगीन इंग्रजी बोलींच्या सीमा बऱ्याचशा डोळ्यांसमोर येतात.

लोकरीने धरून ठेवलं

सायक्स एवढे शतकानुशतकं तिथेच का राहिले? उत्तर बरंचसं लोकरीत आहे. पेनाइनच्या या खोऱ्यांत जमीन नापीक, थंडी कडक, पाऊस सतत. नुसत्या शेतीवर घर चालत नसे. पण मेंढ्या होत्या आणि लोकर धुवायला मऊ पाणी होतं. त्यामुळे घरोघरी माग आले. नवरा विणायचा, बायका-मुलं सूत काढायची, दारात एखादी गाय आणि थोडी जमीन. शेती आणि माग या दोन पायांवर उभं असलेलं कुटुंब दुष्काळातही तगून राहायचं, आणि मुलांना पोट भरायला खोऱ्याबाहेर जावं लागत नसे. वाटण्या होत, नवी घरं होत, पण सगळं चालण्याच्या अंतरात. कारखाने आले तेही तिथेच, त्याच ओढ्यांच्या पाण्यावर. १८११ मध्ये हडर्सफील्ड नॅरो कालवा स्टँडेजच्या बोगद्यातून डोंगराखालून पार गेला आणि कॉल्न खोरं थेट सॅडलवर्थला जोडलं गेलं. पाच किलोमीटर लांबीचा हा बोगदा आजही ब्रिटनमधला सर्वांत लांब कालवा-बोगदा आहे. माणसं हलली, पण बहुतेक करून या बाजूच्या गिरणीतून त्या बाजूच्या गिरणीत.

काही सायक्स मात्र व्यापाराच्या वाटेने लांब गेले. हल बंदरात स्वीडिश लोखंडाचा व्यापार करणाऱ्या एका सायक्स घराण्याकडे १७४८ मध्ये पूर्व यॉर्कशरमधली स्लेडमिअरची जमीनदारी आली. पश्चिम आशियाची वाटणी करणाऱ्या १९१६ च्या सायक्स-पिको करारातले सर मार्क सायक्स याच घराण्यातले.

वाय गुणसूत्राची साक्ष

ब्रिटनमध्ये आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. फक्त पुरुषांमध्ये असणारं वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडेच जातं, आणि जवळजवळ न बदलता. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाला सायक्स हे नाव मिळालं असेल आणि मध्ये काही खंड पडला नसेल, तर त्याच्या आजच्या सगळ्या पुरुष वंशजांकडे आडनाव आणि वाय गुणसूत्र या दोन्ही गोष्टी सारख्या सापडायला हव्यात. हा विचार तपासून पाहिला ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन सायक्स यांनी. आडनाव त्यांचं स्वतःचंच होतं. सहकारी कॅथरीन अर्व्हेन यांच्यासोबतचा त्यांचा निबंध २००० मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांनी एकमेकांशी ओळखदेख नसलेले सायक्स पुरुष यादृच्छिक पद्धतीने निवडले आणि त्यांच्या वाय गुणसूत्रावरच्या चार खुणा, म्हणजे डीएनएमधल्या माणसागणिक बदलू शकणाऱ्या चार जागा, तपासल्या. जवळजवळ निम्म्यांच्या चारही खुणा सारख्या निघाल्या. त्याच भागातल्या इतर आडनावांच्या पुरुषांमध्ये हा संच सापडला नाही, देशभरातल्या नमुन्यातही नाही. उरलेल्या निम्म्यांची गुणसूत्रं शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखीच संमिश्र होती. निबंधाचा निष्कर्ष असा, की आजच्या सायक्स मंडळींचा मूळपुरुष एकच असावा, आणि बाकीच्यांच्या बाबतीत मधल्या सातशे वर्षांत कुठे ना कुठे नाव आणि गुणसूत्र यांची फारकत झाली असावी. ही फारकत दर पिढीला सरासरी १.३ टक्के होत असावी, असा अंदाज त्यांनी मांडला.

या १.३ टक्क्यांचा अर्थ लावताना घाई होते. लोक लगेच व्यभिचाराकडे बोट दाखवतात. पण फारकतीची कारणं पुष्कळ आहेत. दत्तक घेतलेला मुलगा. विधवेने पुन्हा लग्न केल्यावर सावत्र बापाचं नाव लागलेला मुलगा. इस्टेट मिळावी म्हणून सासऱ्याचं किंवा मामाचं नाव घेतलेला माणूस. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अविवाहित आईचं मूल: तिचं आडनाव सायक्स असेल तर मुलाचंही सायक्स, पण त्याचं वाय गुणसूत्र दुसऱ्याच घराचं. यात फसवणूक कसलीच नाही, सगळं गावाला माहीत आणि पॅरिशच्या वहीत लिहिलेलं. मेलेल्या बायकांच्या चारित्र्यावर गुणसूत्राच्या आधारे निकाल द्यायला लोक इतके उतावीळ असतात, याचं मला वाईट वाटतं.

'मूळपुरुष एकच' हा निष्कर्षही जपून घ्यायला हवा. त्यासाठी एका जुन्या गणिताकडे वळू. १८७३ मध्ये फ्रान्सिस गॅल्टन यांनी एक प्रश्न जाहीर केला: प्रत्येक पुरुषाला शून्य, एक, दोन, तीन असे मुलगे होण्याची काही शक्यता आहे, तर किती पिढ्यांत किती आडनावं नाहीशी होतील? हेन्री वॉट्सन या गणिती पाद्र्याने तो सोडवला. त्यांच्या उत्तरात एक चूक राहिली होती, ती पुढे दुरुस्त झाली, पण मूळ विचार पक्का ठरला. लोकसंख्या जवळपास स्थिर असेल तर बहुतेक पुरुषवंश काही पिढ्यांत संपतात. कोणाचाही दोष नसतो. एका पिढीत मुलगाच झाला नाही, किंवा होता तो साथीत गेला, की ती रेघ थांबते. १३४८-४९ च्या काळ्या प्लेगने इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं नेली, आणि नेमकी त्याच काळात उत्तरेकडची आडनावं आकार घेत होती. सुरुवातीला पाच ओहोळांकाठी पाच सायक्स घरं असली, तरी त्यातली चार संपून एकच फोफावलेलं असू शकतं. तेव्हा आजच्या निम्म्या सायक्स मंडळींचा पूर्वज एक निघाला, एवढं खरं. सुरुवातीला सायक्स एकच होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांची तपासणी केली, तेव्हा हे चित्र बरंच स्पष्ट झालं. आडनाव जितकं दुर्मीळ, तितकी त्यातली गुणसूत्रं एकसारखी. नॉटिंगहॅमजवळच्या गावावरून आलेलं ॲटनबरो हे दुर्मीळ आडनाव घ्या: दर दहातल्या जवळजवळ नऊ पुरुषांचं गुणसूत्र एकाच घरचं. दुसऱ्या टोकाला स्मिथ. गावोगावी लोहार होते, त्यामुळे दोन स्मिथ एकमेकांचे नातलग असण्याची शक्यता रस्त्यावरच्या कुठल्याही दोन माणसांइतकीच. सायक्स या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतं.

मग ते तिघे?

बंगालमधले फ्रान्सिस सायक्स मूळचे थॉर्नहिलचे, म्हणजे हडर्सफील्डपासून काही मैलांवरचे. कर्नल विल्यम हेन्री यांचा जन्म १७९० मध्ये ब्रॅडफर्डजवळ झाला. दोघेही वेस्ट रायडिंगचे. तेव्हा काही शतकं मागे त्यांचा पूर्वज एक असणं शक्य आहे, पण नुसत्या आडनावावरून तसं म्हणता येणार नाही. गव्हर्नर फ्रेडरिक यांचा जन्म १८७७ चा, लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमध्ये. त्यांच्या जन्मापर्यंत रेल्वेने आणि शहरांनी आडनावं देशभर विखुरली होती. तिघांची सांगड घालायची तर पॅरिशच्या वह्यांतून एकेक पिढी मागे जाणं किंवा आज हयात असलेल्या पुरुष वंशजांची वाय चाचणी करणं, हेच दोन मार्ग. पहिला मार्ग खात्रीचा पण कष्टाचा. दुसरा झटपट, पण त्याचं उत्तर 'हो' आलं तरी नातं नेमकं कुठल्या पिढीत जुळतं ते सांगत नाही.

समुद्रापलीकडे हे आडनाव आणखी वेगळी वाट चाललं. मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डला सतराव्या शतकातच सायक्स वसाहतकरी पोहोचले होते. पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय सायक्स कुटुंबंही बरीच आहेत. त्यांच्या नकाशावर हडर्सफील्ड शोधून उपयोग नाही. गुलामगिरीतून सुटलेल्या अनेकांनी जुन्या मालकाचं आडनाव लावलं, काहींनी मुद्दाम दुसरं निवडलं, काही कुटुंबं आधीपासूनच स्वतंत्र होती आणि आपलं नाव राखून होती. १८७० च्या अमेरिकी जनगणनेत मुक्त झालेल्या माणसांची नावं आडनावासह पहिल्यांदा सरसकट लिहिली गेली. त्याआधीच्या दोन जनगणनांमध्ये गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग एवढीच असे. त्यामुळे या घरांचा शोध घेणारे आधी मालकांची मृत्युपत्रं, खरेदीखतं आणि मालमत्तेच्या याद्या धुंडाळतात, आणि त्यात पहिलं नाव व वय जुळतंय का ते पाहत मागे जातात.